गुलाब छाटायची एवढी घाई कशाला?

जिथे हिवाळा कडक असतो तिथे वसंतात दोन-चार ऊबदार दिवस आले की लोकांचे हात शिवशिवायला लागतात, सिकेटर (छाटणीची कात्री) घेतात आणि गुलाब छाटून मोकळे होतात. मग महिन्याभराने एका रात्री पारा शून्याखाली जातो आणि सगळे लालसर कोवळे फुटवे काळे पडतात.

होतं काय, तर फांदीच्या शेंड्याला ऑक्सिन नावाचं हार्मोन तयार होतं आणि ते खाली उतरत खालच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून नवीन फुटवा येतो त्या बारीक कोंबांना, दाबून ठेवतं. शेंडा उडवला की ते डोळे मोकळे सुटतात, म्हणजे छाटणी करून आपणच झाडाला उठवतो. झोपलेल्या फांदीत साखर जास्त असते, ती थंडी बऱ्यापैकी सोसते, पण नवीन पानात नुसतं पाणी. बर्फ बहुतेक वेळा आधी पेशींच्या मधल्या जागेत होतो आणि तो पेशींमधलं पाणी बाहेर ओढतो, पेशी आकसतात, त्यांचे पडदे फाटतात, आणि ऊन आल्यावर पान उकडलेल्या पालेभाजीसारखं लोळागोळा होतं.

म्हणून माझं मत, कॅलेंडर बाजूला ठेवा, डोळे फुगायला लागले की मगच छाटा. उशीर झाला तर फुलं थोडी लांबतात, बस. (वर्षातून एकदाच फुलणारे जुने गुलाब मात्र आत्ता छाटूच नका, त्यांची फुलं गेल्या वर्षीच्या फांदीवर येतात, बहर संपल्यावर बघा.)

आभाळ स्वच्छ आणि वारा पडलेला, अशी रात्र सगळ्यात वाईट, कारण जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते आणि गार हवा सखल कोपऱ्यात साचते. अशा वेळी दुपारीच मातीला पाणी द्या, ओली माती जास्त उष्णता धरते. संध्याकाळी जुनी चादर पार जमिनीपर्यंत टाका, नुसती डोक्यावर बांधून उपयोग नाही, ऊब मातीतून येते ना! प्लास्टिक पानांना टेकलं तर तिथेच पान गोठतं. सकाळी काढायला विसरू नका.

आणि एवढं करूनही फटका बसलाच तर लगेच कापाकापी नको, आठवडा-दोन आठवडे थांबा. मेलं किती ते तोवर दिसतं. मग गाभा पांढरा लागेपर्यंत खाली खाली कापत जा, तपकिरी दिसला म्हणजे अजून मेलेलंच लाकूड. मुख्य डोळा गेला तरी त्याच्या दोन्ही बाजूंना राखीव डोळे असतात, ते फुटतात. फक्त कलमाच्या जोडाखालून आलेला फुटवा ठेवू नका, तो खुंटाचा, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलंय त्याचा असतो, तुमच्या गुलाबाचा नाही.