मरणारे वीर, अमर देव : ग्रीक महाकाव्यांमागचा इतिहास

ट्रॉयच्या युद्धाची कथा सांगणाऱ्या इलियडच्या सोळाव्या सर्गात देवांचा राजा झ्यूस पेचात सापडतो. ट्रॉयच्या बाजूने लढणारा त्याचा मर्त्य मुलगा सार्पेडॉन ग्रीक वीर पॅट्रोक्लसच्या हातून मरणार हे ठरलेलं आहे. त्याला अलगद उचलून लिशियाला, त्याच्या घरी नेऊन ठेवावं का, असं तो आपल्या बायकोला, हेराला विचारतो. ती सुनावते, तसं केलंस तर उद्या प्रत्येक देव आपापल्या पोराला वाचवायला धावेल. झ्यूस रक्ताचा पाऊस पाडतो आणि मुलाला मरू देतो. मग निद्रा आणि मृत्यू हे जुळे भाऊ तो देह लिशियाला नेतात. तिथे त्याच्यासाठी थडगं बांधायचं, स्तंभ उभारायचा असं ठरतं.

हे थडगं महत्त्वाचं आहे. इ. स. पू. आठव्या शतकाच्या सुमारास, म्हणजे इलियड आणि ओडिसी ही होमरची काव्यं आकाराला येत होती त्याच काळात, ग्रीक लोक शेकडो वर्षं जुन्या, कांस्ययुगातल्या मायसीनी संस्कृतीच्या थडग्यांपाशी नैवेद्य ठेवू लागले होते. स्पार्टाजवळ तिथल्या पुराणकथेतल्या राजाचं, मेनेलॉसचं पूजास्थान उभं राहिलं. वीर त्या-त्या गावाचा, आपल्या थडग्याला बांधलेला. ऑलिंपसचे देव मात्र साऱ्या ग्रीकांचे. गावोगावच्या या पूजेबद्दल होमर जवळजवळ गप्पच राहतो. त्याच सुमाराच्या हेसिअड या कवीने वीरांना स्वतंत्र युगच दिलं. सोन्याकडून लोखंडाकडे घसरत जाणाऱ्या मानववंशांच्या क्रमात, कांस्य आणि लोह यांच्या मध्ये.

देव त्याहून जुने. इ. स. पू. 1200 च्या आसपास मायसीनी राजवाडे कोसळले, त्यांच्याबरोबर लेखनही गेलं. पण तिथल्या मातीच्या पाट्या उरल्या. मायकेल व्हेंट्रिसने 1952 मध्ये ती लिपी उलगडली, तेव्हा देवस्थानांना दिलेल्या अर्पणांच्या रूक्ष याद्यांत झ्यूस, हेरा, पोसायडन ही नावं सापडली. मधल्या निरक्षर शतकांत कथा तरल्या त्या गायकांच्या तोंडी. ते कसं जमत असेल, हे मिल्मन पॅरी या अभ्यासकाने 1930 च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या गायकांकडून समजून घेतलं: वृत्तात चपखल बसणारे तयार शब्दसमूह हाताशी असायचे. म्हणून तर इलियडचा नायक अकिलीस तंबूत बसून असला तरी ‘चपळ पायांचा’च.

देव धर्मरक्षणासाठी अवतरतो, ही महाभारतामुळे आपल्या अंगवळणी पडलेली कल्पना घेऊन इलियड वाचू नये. इथले देव रागलोभाने, मानापमानाने बाजू घेतात. तरीही माणूस त्यांच्या हातचं बाहुलं नाही. पहिल्याच सर्गात अकिलीस ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉनवर तलवार उपसतो, तेव्हा अथीना देवी मागून त्याचे केस धरते, पण बोलते ती ‘ऐकणार असशील तर’ अशा भाषेत. ग्रीक वीर डायोमिडीस पाचव्या सर्गात प्रेमदेवता अ‍ॅफ्रोडाइटी आणि युद्धदेव एरीस या दोघांनाही जखमी करतो. ती दोघं ऑलिंपसवर जाऊन रडगाणं गातात आणि बरी होतात. मरणच नसल्यामुळे त्यांची भांडणं थोडी हास्यास्पद वाटतात, आणि मला वाटतं कवीला ते हवंच होतं. ट्रॉयच्या हेक्टरला मारलं की लवकरच आपलीही पाळी, हे आईकडून कळल्यावरही अकिलीस रणात उतरतो, ते देवांना कधीच जमणार नाही. ओडिसीत कॅलिप्सो ही अप्सरा अमरत्व देऊ करते, तर ओडिसियस नकार देऊन घरची वाट धरतो.

पुढच्या पिढ्यांना हे देव खटकू लागले. चोरी, व्यभिचार, फसवणूक ही माणसांची पापं होमर आणि हेसिअडने देवांच्या माथी मारली, अशी तत्त्वज्ञ झेनोफनीसची तक्रार होती. प्लेटोने आदर्श राज्यात अशा काव्याला थाराच दिला नाही. इतिहासकार हीरोडोटसने मात्र, ग्रीकांना देवांची रूपं आणि त्यांची कामं याच दोघांनी ठरवून दिली, असं सरळ नोंदवलं.

इ. स. पू. तिसऱ्या शतकात कवी अपोलोनिअसने सोनेरी लोकर आणायला निघालेल्या जेसन आणि त्याच्या साथीदारांची, म्हणजे अर्गोनॉटांची कथा लिहिली, तोवर तोल पार बदलला होता. जेसन पावलोपावली हतबल होतो. लोकर हाती येते ती राजकन्या मीडियाच्या जादूमुळे, आणि मीडिया त्याच्या प्रेमात पडावी म्हणून अ‍ॅफ्रोडाइटीला आपल्या हट्टी पोराला, एरॉसला, खेळण्यातल्या चेंडूची लाच द्यावी लागते.