एअर सँडर दमलाय? मशीन आणण्याआधी हवा तपासा

दुरुस्तीला आलेले बरेचसे डीए सँडर, म्हणजे पुट्टी-प्रायमर घासायची हवेवर चालणारी मशीनं, आमच्या टेबलावर लावले की झकास पळतात. टेबलावर 90 पीएसआय दाबाची कोरडी हवा आहे आणि 10 मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी आहे. गॅरेजमध्ये ती नाही, एवढाच फरक. हडपसर-कात्रजहून भोसरीपर्यंत ट्रॅफिक काढत यायचं आणि 'मशीनला काही झालेलं नाही' हे ऐकून परत जायचं, यात तुमचा अर्धा दिवस जातो आणि आमचं टेबल अडतं.

काटा कुठला बघता?

टाकीवरचा काटा 8 बार दाखवतो, म्हणजे हवा भरपूर आहे, असं धरलं जातं. पण तो आकडा मशीन बंद असतानाचा आहे. सँडरला लागतात 6.2 बार, म्हणजे 90 पीएसआय, आणि तेही मशीनच्या तोंडाशी, खटका दाबलेला असताना. मशीनच्या अगदी अलीकडे एक टी लावून छोटा गेज बसवा, खटका दाबून धरा आणि मग वाचा. तिथे 60-65 दिसलं तर दोष सँडरचा नाही.

दाब कुठे गळतो? बहुतेक वेळा नळीत. 6 मिलिमीटरची आठ-दहा मीटर नळी 15 पीएसआय तरी खाते, 10 मिलिमीटरची दोन-तीनच. वर दोन-तीन स्वस्तातले कपलर जोडलेले असले तर प्रत्येक जण आपला वाटा घेतो. स्प्रे गनची गुंडाळीवाली नळी सँडरला लावू नका.

दुसरी जागा कॉम्प्रेसर. पहिली दोन मिनिटं मशीन जोरात चालतं आणि मग दमतं, ही त्याची खूण. हिशोब सोपा आहे. 6 इंची सँडर 12 सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) आसपास, म्हणजे मिनिटाला साधारण 340 लिटर हवा पितो. 2 एचपीचा कॉम्प्रेसर साडेसहा सीएफएम, म्हणजे 185 लिटर देतो. मिनिटाला 155 लिटरची तूट. 160 लिटरच्या टाकीत 8 वरून 6 बारवर येईपर्यंत 320 लिटर शिल्लक असते, ती दोन मिनिटांत संपते. त्यानंतर सँडरच्या आत कितीही नवीन पाती बसवा, उपयोग नाही. कॉम्प्रेसरच्या प्लेटवरच्या सीएफएमवरही जाऊ नका. तिथे बहुधा पिस्टनचं विस्थापन छापलेलं असतं, प्रत्यक्ष मिळणारी हवा त्याहून बरीच कमी असते.

तेल आणि पाणी

सँडरच्या पोटात रोटर असतो, त्याच्या खाचांमध्ये बहुधा पाच पाती. हवा आली की ती बाहेर फेकली जाऊन सिलिंडरला टेकतात आणि रोटर फिरतो. पाणी शिरलं की सिलिंडर गंजतो, जुनं तेल घट्ट झालं की पाती खाचेत चिकटतात. जुलै-ऑगस्टमध्ये टाकीचा ड्रेन कॉक रोज संध्याकाळी उघडायलाच हवा. फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून बसवू नका. तिथे हवा गरम असते, पाणी वाफेच्या रूपात फिल्टरमधून निसटतं आणि पुढे नळीत थंड होऊन उतरतं. सात-आठ मीटर पाइप गेल्यावर बसवा.

तेल म्हणजे एअर टूल ऑइल, आयएसओ व्हीजी 32 किंवा त्याहून पातळ. काम सुरू करताना चार-पाच थेंब आणि दिवस संपताना पुन्हा तेवढेच, थेट हवेच्या तोंडात. गाडीचं 20डब्ल्यू-40 चालत नाही. ते जाड असतं आणि पुट्टीच्या धुळीबरोबर त्याचा चिखल होतो.

पेंटर तेल घालायला कचरतात, आणि त्यांची भीती खोटी नाही. तेलाचा एक फवारा पॅनेलवर पडला की रंगात फिश आय, म्हणजे बारीक गोल खड्डे, येतात. उपाय तेल बंद करणं नव्हे. तेल घातल्यावर मशीनच्या एक्झॉस्टवर कापड धरून, पॅनेलपासून लांब, अर्धा मिनिट चालवा. जादाचं तेल कापडात जातं. सँडरची नळी वेगळी आणि गनची वेगळी ठेवा. सामायिक लाइनवर ऑइलर (हवेत तेल सोडणारी डबी) अजिबात नको.

जाम झालेलं मशीन घरच्या घरी

हवा काढा. आधी मशीनवरचा वेगाचा खटका पूर्ण उघडा आहे का बघा. हसू नका, असे सँडर दर महिन्याला येतात. मग तोंडाचा निपल खोला. बऱ्याच मॉडेलमध्ये आत बारीक जाळी असते आणि तीत टेफ्लॉन टेपचे तुकडे व गंज अडकलेला असतो. टेप गुंडाळताना पहिला आटा मोकळा सोडला तर हे होत नाही. एक्झॉस्टमधला फेल्ट धुळीने घट्ट झाला असेल तर तोही बदला. हवा बाहेर पडली नाही तर वेग येणार कुठून?

तरी हलत नसेल तर आठ-दहा थेंब एअर टूल ऑइल सोडा, पॅड हाताने दोन्ही बाजूंना फिरवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी 30 पीएसआयवर सुरू करा, काळं पाणी कापडात येऊ द्या, मग हळूहळू 90 वर न्या. थिनर किंवा पेट्रोल टाकू नका. रबरी सील फुगतात, आणि बाहेर पडणाऱ्या वाफेला रंगाच्या दुकानात ठिणगी मिळायला वेळ लागत नाही.

सुरू झालं पण पुट्टीत चर पाडतं? पॅडच्या कडेला मार्करने रेघ मारा. काम करताना ती सावकाश फिरताना दिसली पाहिजे. अजिबात फिरत नसेल तर तुम्ही फार दाबताय. ग्राइंडरसारखी सुसाट फिरत असेल तर पॅडच्या मागचं बेअरिंग धरलंय. मशीन लगेच थांबवा. पॅड नाना पेठेतून घेतला तरी हरकत नाही, फक्त मूळ पॅडच्या वजनाचा घ्या. आतलं संतुलनाचं वजन त्याच हिशोबाने बसवलेलं असतं. जड पॅड लावला की हाताला मुंग्या येतात आणि बेअरिंग जातं.

आम्ही असं का करतो

एकच पातं बदलून द्या, असं लोक म्हणतात. देत नाही. नवं उंच पातं चार झिजलेल्यांबरोबर पळालं की सिलिंडर ओरखडतं आणि मशीन पुन्हा आमच्याच दारात येतं. पात्यांचा पूर्ण संच आणि रोटरची दोन्ही बेअरिंग एकदमच बदलतो. एंड प्लेटवर हलके ओरखडे असतील तर काचेवर बारीक पेपर ठेवून घासून सपाट करतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पिशवीत सुटे भाग भरून आणलेल्या मशीनची मजुरी मात्र जास्त आहे, कारण अर्धा वेळ रोटरला शाफ्टशी अडकवणारी हरवलेली छोटी चावी शोधण्यात जातो.

सिलिंडरला खड्डे पडले असतील किंवा एकूण खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल, तर आम्ही दुरुस्ती सुचवत नाही. नवीन घेताना ऑर्बिट, म्हणजे पॅड केवढा घेर घेतो ते, बघा: पुट्टी आणि पी80 ते पी180 पेपरसाठी 5 मिलिमीटर, प्रायमरवर पी320 च्या पुढे 2.5 किंवा 3. एकच घ्यायचा असेल तर 5 चा.

2 एचपीच्या कॉम्प्रेसरवर दिवसभर काम असेल तर एअर सँडर घेऊच नका, हे विकणाऱ्यानेच सांगितलेलं बरं. 350-400 वॉटचा ब्रशलेस इलेक्ट्रिक सँडर घ्या. महाग आहे, पण मोठ्या कॉम्प्रेसरपेक्षा स्वस्त पडतो. ओलं पेपर मारायचं असेल तर मात्र हवेचाच हवा. दोन्ही प्रकार टेबलावर लावून ठेवलेत. तुमचाच पेपर आणून घासून बघा.

मशीन आणताना पॅड काढू नका, आणि नळीचा शेवटचा तुकडा कपलरसकट सोबत आणा. गुरुवारी बंद.