अबू माझेन आणि न आवरलेल्या बंदुका

३० डिसेंबर २००४. वेस्ट बँकेच्या उत्तर टोकाला असलेली जेनिनची निर्वासितांची छावणी. पॅलेस्टिनी अध्यक्षपदाचे उमेदवार महमूद अब्बास ऊर्फ अबू माझेन प्रचाराला आले, तेव्हा झकारिया झुबैदी आणि त्याच्या बंदूकधारी साथीदारांनी त्यांना खांद्यावर घेतलं. झुबैदी हा अल अक्सा शहीद ब्रिगेड या सशस्त्र गटाचा जेनिनमधला म्होरक्या. इस्रायल अनेक वर्षं त्याच्या मागावर होतं. खांद्यावरचे गृहस्थ ६९ वर्षांचे, कायम कोटात वावरणारे. सशस्त्र इंतिफादा, म्हणजे इस्रायलविरुद्धचा उठाव, ही चूक आहे, असं उघड म्हणणाऱ्या मोजक्या नेत्यांपैकी ते एक. ज्यांच्या हातातली बंदूक काढून घ्यायची, त्यांच्याच खांद्यावर बसून मतं मागायची वेळ त्यांच्यावर आली होती.

आज हाच प्रश्न पुन्हा विचारला जातोय. अब्बास नव्वदीला पोहोचले आहेत, एप्रिल २०२५ मध्ये हुसैन अल-शेख उपाध्यक्ष झाले, आणि ‘नवा माणूस सशस्त्र गटांना वेसण घालू शकेल का’ याची चर्चा सुरू झाली. या चर्चेत सगळं लक्ष नेत्याच्या कणखरपणावर असतं. मागचा इतिहास पाहिला की वाटतं, मूळ मुद्दा कणखरपणाचा नव्हताच. बंदुका खाली ठेवायला सांगणाऱ्याकडे त्या बदल्यात लोकांना दाखवण्यासारखं काय आहे, यावर सगळं अवलंबून होतं.

कारण एकदा हे जमलंही होतं. फेब्रुवारी-मार्च १९९६ मध्ये नऊ दिवसांत चार आत्मघाती हल्ले झाले, सुमारे ६० माणसं मेली. तेव्हाचे पॅलेस्टिनी अध्यक्ष यासर अराफातांनी हमास आणि इस्लामिक जिहाद या सशस्त्र गटांच्या शेकडो लोकांना तुरुंगात टाकलं, गाझाच्या इस्लामिक विद्यापीठावर छापा घातला. गाझात मोहम्मद दहलान आणि वेस्ट बँकेत जिब्रिल रजूब यांच्या ‘प्रतिबंधक सुरक्षा दला’ने ही धरपकड केली, आणि ती करताना हात आखडता घेतला नाही. हमास पुढची काही वर्षं बरीच थंडावली. पण त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत काय घडलं होतं? इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधल्या ऑस्लो करारानुसार इस्रायली सैन्य वेस्ट बँकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांतून बाहेर पडलं होतं आणि जानेवारीच्या निवडणुकीत अराफातांना ८८ टक्के मतं पडली होती. ‘हे बघा, सैनिक गेले’ असं ते सांगू शकत होते.

सप्टेंबर २००० मध्ये दुसरा इंतिफादा पेटला आणि ती घडी विस्कटली. आता एकटी हमास नव्हती. अराफातांच्या आणि अब्बासांच्या फतह पक्षातूनच अल अक्सा शहीद ब्रिगेड उभी राहिली. तिला एक सेनापती नव्हता. नाब्लुसजवळच्या बलाता छावणीत एक टोळी, जेनिनमध्ये दुसरी, गाझात आणखी काही. कुणी पोलिसाच्या पगारावर, कुणी फतहच्या मर्जीवर, आणि काही जण दोन्हीकडून. २००२ च्या मार्च-एप्रिलमध्ये इस्रायलने वेस्ट बँकेतली शहरं पुन्हा ताब्यात घेतली. त्या मोहिमेत बेतुनिया इथलं प्रतिबंधक सुरक्षा दलाचं मुख्यालयही तोफांच्या माऱ्यात उद्ध्वस्त झालं. ज्या यंत्रणेने १९९६ मध्ये हमासच्या मुसक्या बांधल्या, तीच मोडली, आणि मग ‘हमासच्या मुसक्या बांधा’ ही मागणी जोरात आली.

अब्बासांची पहिली खेप २००३ सालची. अमेरिकेच्या दबावाखाली अराफातांनी पंतप्रधानपद तयार केलं आणि ते अब्बासांना दिलं, पण बहुतेक सुरक्षा दलं स्वतःकडेच ठेवली. अब्बासांनी समजुतीचा मार्ग धरला. २९ जूनला गटांनी ‘हुदना’ म्हणजे तात्पुरती शस्त्रसंधी जाहीर केली. १९ ऑगस्टला जेरुसलेममध्ये बसमधल्या स्फोटात २३ जण मेले. दोनच दिवसांत इस्रायलने हमासचे नेते इस्माईल अबू शनब यांना ठार केलं. हुदना संपली. ६ सप्टेंबरला अब्बासांनी राजीनामा दिला. जेमतेम चार महिने.

अराफात ११ नोव्हेंबर २००४ ला पॅरिसजवळच्या रुग्णालयात वारले. तिसऱ्याच दिवशी गाझातल्या शोकमंडपात अब्बास आलेले असताना गोळीबार झाला, दोन सुरक्षारक्षक ठार झाले. ९ जानेवारीला अब्बास सुमारे ६२ टक्के मतांनी निवडून आले. हमासने त्या निवडणुकीत भागच घेतला नव्हता. १३ जानेवारीला गाझाच्या सीमेवर, मालवाहतुकीच्या कर्नी नाक्यावर हल्ला होऊन सहा इस्रायली मेले. जबाबदारी घेणाऱ्यांत हमास होती, तशीच अल अक्सा ब्रिगेडही होती. म्हणजे पक्षाच्या नेत्याने अजून शपथही घेतलेली नाही, आणि पक्षाच्याच नावाची टोळी त्याला सलामी देतेय! इस्रायलचे पंतप्रधान एरियल शेरॉन यांनी अब्बासांशी संपर्क तोडला.

तरीही पुढचे दोन महिने बरे गेले, हे विसरलं जातं. अब्बासांनी उत्तर गाझात पोलीस उतरवले. ८ फेब्रुवारीला शर्म अल-शेख इथे शेरॉन यांच्यासोबत हिंसाचार थांबवण्याची घोषणा झाली. मार्चमध्ये कैरोत १३ गटांनी वर्षअखेरपर्यंत ‘तहदिया’, म्हणजे शांतता पाळायचं मान्य केलं. अब्बासांचा हिशेब साधा होता: हमासला मतपेटीकडे आणायचं, बंदूक हळूहळू आपोआप निरुपयोगी होईल. शर्म अल-शेखमध्ये इस्रायलने पाच शहरं परत द्यायचं कबूल केलं होतं. जेरिको आणि तुलकर्म मिळाली, बाकीची रखडली. इस्रायलचं म्हणणं, तुम्ही टोळ्यांची शस्त्रं काढून घेतली नाहीत. अब्बासांचं म्हणणं, शहरं द्या म्हणजे शस्त्रं मागायला तोंड राहील.

त्या काळात इस्रायली आणि अमेरिकी वर्तुळांत ‘अल्तालेना’चा दाखला वारंवार दिला जायचा. जून १९४८ मध्ये, इस्रायलचं राज्य जाहीर होऊन महिनाच झाला असताना, पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांनी इरगुन या ज्यू सशस्त्र गटाच्या शस्त्रांनी भरलेल्या अल्तालेना जहाजावर तोफा डागायला लावल्या होत्या. अब्बासांनीही तसं करून दाखवावं, असा सूर. दाखला आकर्षक आहे, पण लंगडा आहे. बेन-गुरियन यांच्या हातात राज्य होतं, तोफा होत्या, आणि इरगुन हा विरोधी गोटातला गट होता.

अब्बासांच्या हातात काय होतं, ते ३० मार्च २००५ च्या रात्री रामल्लात दिसलं. मुकाता या अध्यक्षीय आवारात आसरा घेऊन राहिलेल्या फतहच्याच बंदूकधाऱ्यांना त्यांनी बाहेर काढायला सांगितलं. त्या लोकांनी बाहेर पडून, अध्यक्ष आत असताना, मुकातावरच गोळ्या झाडल्या आणि मग शहरातल्या उपाहारगृहांची मोडतोड केली. ऑक्टोबरमध्ये याहून केविलवाणं घडलं. गाझा शहरात हमासशी चकमक झाल्यावर दुसऱ्या दिवशी पोलीसच पॅलेस्टिनी संसदेच्या इमारतीत घुसले. तक्रार एकच: आमच्याकडे गोळ्या संपल्या. कागदावर पन्नास हजारांहून जास्त शिपाई असलेल्या दलाची ही अवस्था.

मधल्या काळात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, इस्रायलने गाझातल्या २१ ज्यू वसाहती रिकाम्या केल्या. अब्बासांना दाखवायला हेच हवं होतं. पण शेरॉन यांनी हा निर्णय वाटाघाटीविना, एकतर्फी घेतला. हमासने फलक लावले: आमच्या प्रतिकाराने शत्रू पळाला. श्रेय बंदुकीच्या खात्यावर जमा झालं. जानेवारी २००६ च्या निवडणुकीत हमासला १३२ पैकी ७४ जागा, फतहला ४५. जून २००७ मध्ये हमासने गाझाचा ताबाच घेतला.

त्यानंतर वेस्ट बँकेत मात्र अब्बासांना काही यश मिळालं. अल अक्सा ब्रिगेडच्या अनेकांनी इस्रायलच्या माफीच्या बदल्यात शस्त्रं खाली ठेवली, झुबैदीही त्यात होता. अमेरिकी जनरल कीथ डेटन यांच्या देखरेखीखाली जॉर्डनमध्ये शिकून आलेल्या तुकड्या २००८ पासून जेनिनमध्ये दिसू लागल्या. रस्ते शांत झाले, पण वसाहती वाढत राहिल्या, निवडणुका थांबल्या, आणि २०२१-२२ पर्यंत जेनिन-नाब्लुसमध्ये पोरसवदा मुलांच्या नव्या टोळ्या उभ्या राहिल्या.

डिसेंबर २०२४ मध्ये अब्बासांच्या पॅलेस्टिनी प्राधिकरणाने जेनिन छावणीत स्वतःची फौज घातली. अनेक आठवडे गोळीबार चालला, त्यांचे स्वतःचे जवानही मेले, आणि ‘इस्रायलचं काम करताय’ अशी शिवी घरच्यांकडून ऐकावी लागली. २१ जानेवारीला इस्रायली सैन्यच छावणीत शिरलं.

नऊ दिवसांनी, ३० जानेवारी २०२५ ला, गाझातल्या युद्धविरामानुसार झालेल्या कैद्यांच्या अदलाबदलीत झुबैदी सुटला. माफी रद्द झाली होती, २०१९ पासून तो तुरुंगात होता. मधे गिल्बोआ तुरुंगातून भुयार खणून पळाला आणि पुन्हा पकडला गेला. त्याची सुटका रामल्लात झाली, स्वागताला गर्दी लोटली. जेनिनला त्याचं घर ज्या छावणीत, तिथले रहिवासी तोवर सामान उचलून बाहेर पडत होते.