आमसूल आधी घातलं, म्हणून बटाटा शिजला नाही

बटाट्याची पातळ भाजी अर्धा तास गॅसवर आहे, रस्सा आटत आलाय, तरी फोडी दाबल्या तर दबत नाहीत. अशा वेळी बोल लागतो तो बटाट्याला नाहीतर भाजीवाल्याला. 'जुना माल दिला', 'कोल्ड स्टोरेजचा असणार'. बहुतेक वेळा दोष बटाट्याचा नसतो, क्रमाचा असतो. फोडणीत टोमॅटो परतले, त्यावर फोडी टाकून पाणी घातलं, किंवा पाण्याबरोबरच आमसुलं पडली, की बटाटा अडून बसतो. 'आधी शिजू दे, मग आंबट घाल' हे घरातली जाणती माणसं सांगतात ते शंभर टक्के खरं आहे. त्यामागचं रसायन मात्र फारसं कुणी सांगत नाही, आणि ते फार देखणं आहे.

अशी अडलेली एक फोड बशीत काढून मधोमध कापा. बाहेरचा दीड-दोन मिलिमीटरचा थर दाठर, किंचित काचेसारखा दिसेल. सुरी तिथे कचकन लागते. मधला भाग त्या मानाने मऊ असतो. उष्णता तर बाहेरून आत जाते, मग बाहेरचा भाग आधी मऊ व्हायला हवा. इथे उलटं झालंय, कारण बाहेरून आत उष्णतेबरोबर आणखी एक गोष्ट गेली आहे, ती म्हणजे आम्ल. उकळत्या रश्श्यात १५-२० मिनिटांत आम्ल फोडीत साधारण तेवढंच, दीड-दोन मिलिमीटर मुरतं. जिथवर ते पोचलं तिथवर बटाटा अडला.

बटाटा शिजणं म्हणजे खरं तर दोन वेगवेगळ्या गोष्टी होणं. पहिली स्टार्चची. पेशींमध्ये स्टार्चचे कण ठासून भरलेले असतात. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला ते पाणी शोषून फुगतात आणि त्यांची खळ होते. याला आम्लाचा फारसा अडथळा नसतो, त्यामुळे अडलेल्या फोडीतही स्टार्च शिजलेलाच असतो. ती फोड खाल्ली तर कच्च्या बटाट्याची पिठूळ, तुरट चव येत नाही, फक्त दाताला कडक लागते. दुसरी गोष्ट पेशींच्या भिंतींची. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिनमुळे. जॅम आणि जेली ज्याने घट्ट होते तेच हे पेक्टिन. विटांच्या भिंतीत सिमेंट असतं तसं ते पेशींच्या मध्ये बसलेलं असतं. हे सिमेंट सुटलं की पेशी सुट्या होतात आणि फोड बोटचेपी होते. मऊपणा येतो तो इथून.

आता जरा खोलात जाऊ, कारण सगळी गंमत इथेच आहे. पेक्टिन म्हणजे गॅलॅक्च्युरॉनिक आम्लाच्या मण्यांची लांबच लांब माळ. त्यातल्या बऱ्याच मण्यांवर मिथाइल गटाची टोपी असते. पाणी ८० अंशांच्या वर गेलं की पाण्यातले हायड्रॉक्साइड आयन या टोपीवाल्या मण्यांना गाठतात. मण्याच्या पाचव्या कार्बनवरचा हायड्रोजन ते ओढून घेतात, त्याबरोबर चौथ्या कार्बनपाशी शेजारच्या मण्याला जोडणारा बंध सुटतो, आणि चौथ्या-पाचव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध तयार होतो. माळ तिथे तुटते. या अभिक्रियेला बीटा-एलिमिनेशन म्हणतात. तिला दोनच गोष्टी लागतात: टोपीवाले मणी आणि हायड्रॉक्साइड. बटाट्याचा स्वतःचा सामू (pH, आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण ६ असतो. टोमॅटोचा रस्सा साडेचारच्या आसपास येतो. सामू एकाने उतरला की हायड्रॉक्साइड दहापट कमी होतात. म्हणजे ६ वरून ४.५ वर येताना ते तीसपटीने घटले. माळ तोडणारी हत्यारंच उरली नाहीत. सामू ४ च्या आसपास पेक्टिन सर्वांत चिवट असतं. त्याहून बरंच खाली, ३ च्या खाली गेलं तर आम्ल स्वतःच माळ तोडू लागतं, पण इतका आंबट रस्सा घरी कुणी करत नाही.

खाण्याच्या सोड्याने डाळ आणि छोले झटकन का शिजतात, हेही यातूनच कळतं. सोड्याने हायड्रॉक्साइड वाढतात. प्रमाण चुकलं तर मात्र साबणासारखी चव येते आणि क जीवनसत्त्वाचं नुकसान होतं, म्हणून बटाट्याला सोडा घालू नये असं माझं मत आहे. फोडी अडल्याच असतील तर त्या झाऱ्याने काढून साध्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवाव्यात, आम्ल बाहेर झिरपतं आणि फोडी वळणावर येतात. किंवा सगळी भाजी कुकरला लावून एक शिट्टी काढावी. कुकरमध्ये तापमान १२० अंशांपर्यंत जातं, त्यामुळे तीच अभिक्रिया आंबटातही बऱ्यापैकी वेगाने होते.

मुळात अडूच नये यासाठी भाजीचा क्रम असा. अर्धा किलो बटाट्यांच्या दोन सेंटिमीटरच्या फोडी करा. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मिरची, त्यावर फोडी दोन मिनिटं परतून ६०० मिलिलिटर कडकडीत गरम पाणी आणि दीड चमचा मीठ घाला. झाकण ठेवून मध्यम आचेवर १२ ते १५ मिनिटं. सुरीचं टोक फोडीत घालून उचललं की फोड आपोआप घसरून पडली पाहिजे. ती पडली की मगच चार आमसुलं किंवा दोन चमचे चिंचेचा कोळ, गूळ, आणि दाटपणासाठी दोन चमचे दाण्याचं कूट. आणखी पाच मिनिटं उकळी. आता आम्ल आत शिरलं तरी काही बिघडत नाही, उलट तुटायच्या बेतात आलेल्या कडा धरून राहतात आणि फोडी रश्श्यात विरघळत नाहीत. टोमॅटो तेलात परतून त्याचाच मसाला हवा असेल, तर बटाटे वेगळे उकडून शेवटी मिसळावेत. कुकर सोडला तर दुसरा मार्ग नाही. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम जास्त असतं, ते पेक्टिनच्या माळा एकमेकींना बांधतं, म्हणून तिथे पाच मिनिटं जास्त धरावीत.

गरम पाणीच का, तर त्यामागेही पेक्टिनच आहे. गार पाण्यातल्या फोडी मंद आचेवर तापवल्या तर त्या बराच वेळ ५५ ते ६५ अंशांत रेंगाळतात. या तापमानाला बटाट्यातलं पेक्टिन मिथाइलएस्टरेज हे एन्झाइम जोरात काम करतं. ते मण्यांवरच्या टोप्या काढतं. टोपी गेलेले मणी कॅल्शियमला धरून एकमेकांत घट्ट बांधले जातात, आणि बीटा-एलिमिनेशनला टोपीवाले मणीच मिळत नाहीत. दुहेरी कुलूप लागतं. नंतर अर्धा तास उकळा, फोडी आकार सोडत नाहीत. अख्खे बटाटे उकडताना मात्र गार पाण्यातूनच सुरुवात करावी, नाहीतर साल आणि बाहेरचा थर फुटून लगदा होतो आणि मधे गाठ राहते.

हे कुलूप मुद्दाम लावूनही घेता येतं. पन्नास माणसांचा रस्सा आहे, तो पुन्हा पुन्हा गरम होणार आहे आणि फोडी अख्ख्या राहायला हव्यात, अशा वेळी अर्धा किलो फोडींमागे एक लिटर उकळतं पाणी आणि अर्धा लिटर नळाचं पाणी एकत्र करून त्यात फोडी झाकून २५ मिनिटं ठेवाव्यात. हिशेब केला तर पाणी आणि फोडी मिळून ६० अंशांच्या आसपास येतात. मग नेहमीसारखं शिजवायचं.

वड्याच्या सारणाला नेमकं उलटं हवं असतं. पेशी सुट्या व्हाव्यात, पण फुटू नयेत. पेशी सुट्या झाल्या तर बटाटा भगराळ लागतो. त्या फुटल्या की आतली खळ बाहेर येते आणि सारणाचा चिकट गोळा होतो. उकडलेला बटाटा मिक्सरमध्ये घातला की हे दहा सेकंदांत होतं, आणि त्यावर उपाय नाही. गरम असतानाच सोलून हाताने किंवा पुरणयंत्राच्या मोठ्या जाळीतून काढावा. कुकरमध्ये बटाटे थेट पाण्यात न ठेवता भांड्यात, पाण्याशिवाय ठेवावेत. शिट्ट्या मोजण्यापेक्षा पहिली शिट्टी झाल्यावर आच कमी करून मिनिटं मोजणं भरवशाचं आहे: दीडशे ग्रॅमच्या बटाट्याला बारीक आचेवर आठ ते दहा मिनिटं.

जातीचा फरकही मोठा आहे. आपल्याकडच्या बहुतेक सुधारित जातींच्या नावात 'कुफरी' असतं, ते सिमल्याजवळच्या कुफरीवरून. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या या जाती. कुफरी चिप्सोना चिप्ससाठी काढलेली, तिच्यात घनपदार्थ जास्त. कुफरी पुखराज लवकर येते आणि भरघोस उतरते, पण पाणीदार असते. मंडईत पाटी लावलेली नसते, म्हणून घरी ओळखायची युक्ती अशी: एक लिटर पाण्यात १२० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा आणि बटाटा सोडा. या पाण्याची घनता १.०८ च्या जवळ असते. बुडाला तर त्यात साधारण २० टक्के किंवा जास्त घनपदार्थ आहेत, तो पिठूळ, वडे आणि पराठ्यांचा. तरंगला तर रश्श्याचा आणि काचऱ्यांचा.

बटाट्याबद्दल फिरणाऱ्या दोन गोष्टींचा इथेच निकाल लावतो. 'आमटी खारट झाली तर बटाटा टाका, तो मीठ ओढतो.' बटाटा मीठ वेचून घेत नाही. त्याच्या आत पाणी आहे आणि मीठ त्या पाण्यात पसरतं, एवढंच. २०० ग्रॅम बटाट्यात जेमतेम वाटीभर पाणी असतं, म्हणजे तो पूर्ण मुरला तरी वाटीभर पाणी घातल्याइतकाच फरक पडतो. दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. रात्री तळपायाला कच्च्या बटाट्याच्या चकत्या बांधायच्या, सकाळी त्या काळ्या झालेल्या दिसल्या की शरीरातलं विष निघालं म्हणायचं. एक चकती पायाला बांधा आणि दुसरी ताटलीत ठेवा, दोन्ही काळ्या पडतील. कापलेल्या पेशींमधलं एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने फिनॉल संयुगांचं रंगद्रव्य करतं. तापाने फणफणलेल्या मुलाला हे करत बसण्यात डॉक्टरकडे न्यायचा वेळ जातो. बटाट्यातल्या खऱ्या विषाकडे मात्र दुर्लक्ष होतं. उजेडात हिरवा पडलेला आणि कोंब आलेला बटाटा सोलॅनिन आणि चॅकोनिन तयार करतो, ती उकळून जात नाहीत. हिरवा भाग आणि डोळे खोल कापून टाकावेत, फार हिरवा किंवा कडू असेल तर अख्खा बटाटा.

सुरणाला मात्र आंबट आधीच घालतात, आणि तेही बरोबर आहे. सुरण आणि अळकुडीच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांच्या जुड्या असतात. त्या घशाला आणि हाताला टोचतात म्हणून खाज सुटते. अळकुडीच्या सुयांबरोबर प्रोटीन तोडणारं एन्झाइमही असतं, ते खाज वाढवतं. चिंचेने सुया विरघळतात असं सांगितलं जातं, पण कॅल्शियम ऑक्झलेट एवढ्याशा आम्लात फारसं विरघळत नाही. खाज घालवते ती पूर्ण शिजवणूक; अळकुडीतलं ते एन्झाइमही उष्णतेने निकामी होतं. अर्धवट उकडलेला सुरण चिंचेतला असला तरी खवखवतो. मग आंबटाचा उपयोग काय? पेक्टिन टिकतं, सुरणाचे काप फुटत नाहीत आणि हवा तितका वेळ उकळता येतात. अर्धा किलो सुरणाला लिंबाएवढी चिंच, चांगली २५ मिनिटं उकळी, ते पाणी फेकून मग तव्यावर काप. चिरताना हाताला तेल लावावं.

रताळ्यात तर मंद आचेचं सोनं होतं. त्यात बीटा-अमायलेज हे स्टार्च तोडणारं एन्झाइम भरपूर असतं. ते कच्च्या स्टार्चला फारसं काही करू शकत नाही, पण ६० अंशांपुढे स्टार्च फुगला की त्यातून माल्टोज साखर सुटी करत जातं, आणि ८० अंशांच्या आसपास स्वतः मरतं. त्या मधल्या वीस अंशांत रताळं जितका वेळ राहील तितकं गोड. कुकर ही पट्टी काही मिनिटांत ओलांडतो, म्हणून कुकरचं रताळं फिकट. राखेत, निखाऱ्यांच्या कडेला पाऊण तास भाजलेलं रताळं साखर न घालता गोड लागतं. गॅसवर करायचं तर अख्खी रताळी जाड बुडाच्या कढईत, तळाला चार चमचे पाणी घालून, झाकण लावून अगदी बारीक आचेवर ४० ते ५० मिनिटं ठेवावीत आणि दोनदा उलटावीत. तोच वाण, तोच ढीग, तरी चवीत फरक कळतो.

रताळी फ्रिजमध्ये ठेवू नयेत. दहा-बारा अंशांच्या खाली काही दिवस राहिली की त्यांना थंडी बाधते. वरून चांगली दिसतात, पण शिजवल्यावर मधे दगडासारखी गाठ उरते, ती कितीही उकळलं तरी मऊ होत नाही. बटाट्याचं फ्रिजमध्ये वेगळंच होतं. त्यातल्या स्टार्चची ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि काचऱ्या शिजायच्या आधीच तव्यावर काळ्या पडतात. दोन्ही टोपलीत, हवेशीर अंधारात ठेवावेत.