स्टिकमध्ये चुंबक नव्हतं

२९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनाच्या कार्यक्रमात, आमच्या शाळेत कुणी ना कुणी हॉकीपटू ध्यानचंदांची ती गोष्ट सांगतंच. चेंडू त्यांच्या स्टिकला असा चिकटून राहायचा, की आत चुंबक आहे का हे बघायला परदेशात त्यांची स्टिक मोडली म्हणे. यंदा कार्यक्रम संपल्यावर सातवीतल्या एका मुलीने मला अडवून विचारलं, "सर, मग होता का चुंबक?"

नव्हता. असता तरी काही उपयोग झाला नसता. त्या काळच्या चेंडूत बूच आणि सुतळी, वरून कातड्याचं आवरण; चुंबकाने ओढावं असं त्यात काहीच नाही. पण चेंडू चिकटल्यासारखा का दिसतो, हा प्रश्न खराच आहे, आणि त्याचं उत्तर मला आमच्या गावच्या एका सेंटर हाफमुळे, म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीत खेळणाऱ्या पोरामुळे कळलं.

तो देवगडच्या बाजूचा. बाबा ट्रॉलरवर खलाशी. मैदान म्हणजे गावामागचा सडा, जांभ्या दगडाचं उघडं पठार. जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. उघड्या सड्यावर तर त्याचा कातळच बनतो. त्यावर पसरलेली तांबडी माती, मधेमधे खडे. जून ते सप्टेंबर खेळ बंदच, कारण तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे शेवाळलेल्या कातळावर कोण धावणार? उरलेले आठ महिने हा पोरगा आणि त्याचा धाकटा भाऊ एकमेकांना पास देत बसायचे. खड्यावर आपटून चेंडू कुठेही उडायचा. तरी याच्या स्टिकपाशी आला की मेल्यासारखा पडायचा.

आता जरा हिशोब करू. एक मीटर उंचीवरून टाकलेला चेंडू पाव मीटर उसळला, तर तो ज्या वेगाने आपटला त्याच्या निम्म्या वेगाने परतला, असं गणित सांगतं. उंची वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. स्टिकवरही उसळी निम्मीच धरू आणि स्टिक चेंडूपेक्षा खूप जड मानू. चेंडू सेकंदाला १२ मीटर वेगाने आला आणि स्टिक स्थिर असली, तर तो ६ मीटरच्या वेगाने परत जाईल, थेट प्रतिस्पर्ध्याच्या पायात. पण स्टिकच त्या क्षणी सेकंदाला ४ मीटर वेगाने मागे सरकत असेल तर? स्टिकवर मुंगी बसली आहे असं समजा. तिला चेंडू १२ ने नाही, ८ ने येताना दिसेल, आणि निम्म्या वेगाने, म्हणजे ४ ने, दूर जाताना दिसेल. पण मुंगी स्वतः स्टिकबरोबर ४ ने मागे चालली आहे. चेंडू तिच्यापासून पुढे ४ ने, ती मागे ४ ने. वजाबाकी शून्य. सड्यावर उभ्या माणसाला चेंडू जागच्या जागी थांबलेला दिसतो.

म्हणजे उसळी निम्मी असेल तर स्टिक चेंडूच्या एक तृतीयांश वेगाने मागे न्यायची. वेग कितीही असो, प्रमाण तेच. मला हे पहिल्यांदा सुटलं तेव्हा मी वहीतलं ते पान फाडून त्या पोराला नेऊन दाखवलं होतं. प्रत्यक्षात स्टिक काही फार जड नसते आणि सैल पकडीने ती चेंडूबरोबर आणखी थोडी ढकलली जाते, म्हणून आकडे जरा बदलतात; तत्त्व बदलत नाही.

यातली खरी मेख वेळेची आहे. "चेंडू लागला की हात सैल सोड," असं सगळेच शिकवतात. पण टणक चेंडू आणि स्टिक यांचा स्पर्श टिकतो हजारांश सेकंदाच्या आसपास. हाताला लागलेलं मेंदूला कळून हात हलायला त्याच्या शंभरपट वेळ जातो. लागल्यावर काही करायला गेलात तर चेंडू केव्हाच निघून गेलेला असतो. स्टिक आधीच, योग्य वेगाने, मागे निघालेली हवी. त्यात डोळ्यांनी पाहून प्रतिसाद द्यायला साधारण ०.२ सेकंद लागतात. १२ मीटरच्या वेगाने येणारा चेंडू दोन मीटरवरच्या खड्यावर उडाला, तर हातात उरतात ०.१७ सेकंद. कुठलाही माणूस तिथे बघून दुरुस्ती करू शकत नाही. म्हणून हा पोरगा खड्यांचं मैदान डोक्यात साठवायचा, स्टिक पुढे कलती धरायचा आणि चेंडू येण्याआधीच मागे निघायचा.

गावात मात्र बोललं जायचं, की त्याच्या स्टिकला देवळातला अंगारा लावलेला आहे. सामन्याआधी देवाला गाऱ्हाणं घालण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण अंगाऱ्याने उसळीचं प्रमाण बदलत नाही, आणि चुंबकाच्या गोष्टीसारखंच यातही त्या पोराने सड्यावर घालवलेली आठ वर्षं कुणी हिशोबात धरत नाही. याचा मला राग येतो.

एकोणिसाव्या वर्षी तो राज्याच्या शिबिरासाठी पुण्याला गेला. पहिल्यांदा टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान पाहिलं. पाणी मारलेल्या टर्फवर घर्षण कमी, खडे नाहीत; चेंडू सरळ येतो, पण सड्यावरच्या दुप्पट वेगाने. सेकंदाला २४ मीटर धरा: स्टिक ८ ने मागे जायला हवी आणि तेवढा वेग घ्यायला वेळ निम्माच. पहिला आठवडा प्रत्येक पास त्याच्या स्टिकवरून उडाला. भारताने १९७५चा विश्वचषक गवतावर जिंकला आणि १९७६ला माँट्रियलच्या कृत्रिम मैदानावर सातवा आला. कारणं अनेक होती. पण ज्यांचे हात गवताच्या वेगावर घडले त्यांच्यावर काय ओढवलं असेल, ते त्या आठवड्यात मला फोनवरून ऐकू येत होतं.

तो टिकला. आठ महिन्यांनी हात जुळले. राज्याकडून खेळला, पुढे एका सरकारी खात्याच्या संघात लागला, आणि सत्ताविसाव्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. आता नोकरी सांभाळून सुट्टीत गावी येतो, सड्यावर पोरांना शिकवतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी बघायला गेलो होतो. त्या सातवीतल्या मुलीला तो पास देत होता आणि प्रत्येक पासाआधी ओरडत होता, "बॉल येवच्या आधी हात मागे घे गो, येवच्या आधी!" अकरावा पास तिच्या स्टिकपाशी येऊन थांबला.