माळावरचा वणवा आणि जाळरेषेची जुनी गोष्ट

मार्चमधल्या दुपारी सह्याद्रीच्या माळावर धूर दिसला, की आधी विचारायचं, वारा कुठला? पश्चिमेच्या उतारांवर त्या वेळी समुद्राकडचा वारा चढाला लागलेला असतो. ज्वाळा तो पुढच्या गवतावर आडव्या पाडतो. बारीक गवताचं पातं उन्हात तासाभरात कोरडं होतं, त्यामुळे आग अक्षरशः धावते. अशा वणव्याच्या तोंडासमोर कुणी उभं राहू नये. गावकरी आणि वनरक्षक मागून, जळून काळ्या झालेल्या जमिनीवरून शिरतात आणि दोन्ही कडांना ओल्या डहाळ्यांनी झोडपत तोंड अरुंद करत नेतात. आता पाठीवरचे ब्लोअर आले आहेत, पण चाल तीच. शेवटी तोंड थांबतं ते जळायला काही उरलं नसेल तिथे: नांगरलेलं शेत, गाडीवाट किंवा जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा.

ही जाळरेषा सरकारी कामात आली ती १८६० च्या दशकात. सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात पिअर्सन या अधिकाऱ्याने आग रोखण्याचा प्रयोग केला आणि तो पुढे देशभर गेला. हेतू मात्र सागवान वाचवण्याचा होता. उघडा माळ सरकारी नजरेत पडीकच राहिला आणि ती नजर अजून पुरती गेलेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तितर, चंडोल, टिटवी यांची अंडी त्याच उघड्या जमिनीवर असतात.

१८७८ च्या वन कायद्यानंतर आग हा गुन्ह्याचा विषय झाला. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजणाऱ्या, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळणाऱ्या शेतकऱ्याला पालापाचोळा नि डहाळ्या जंगलातूनच आणाव्या लागत. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतला असंतोष इतका वाढला, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. १९२७ च्या कायद्याने आग लावणाऱ्याला शिक्षा ठेवली आणि कलम ७९ नुसार जंगलात हक्क असलेल्या गावकऱ्यांवर आग विझवायला मदत करण्याचं बंधनही घातलं. ज्याच्यावर संशय, त्यालाच मदतीला बोलावणं. गाव आणि खातं यांच्यातला दुरावा इथून मुरत गेला असं मला वाटतं.

‘जाळलं की गवत चांगलं येतं’ हा समजही जुना. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. जळल्या जागी हिरवा कोंब लवकर दिसतो. मात्र दरवर्षी जाळलेल्या माळावर कुसळी हे गवत माजतं, कारण त्याचं बी पिळदार कुसाच्या जोरावर मातीत घुसतं आणि आगीतून वाचतं. गुरांना आवडणारं पवन्या गवत हटत जातं. म्हणजे चाऱ्यासाठी लावलेली आग चाराच खाते.

२००४ पासून डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीच्या सूचना देते. घनदाट जंगलातल्या रेंगाळणाऱ्या आगीला त्याचा मोठा उपयोग होतो. पण उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमध्ये काही तास जातात आणि तेवढ्यात वाऱ्यावरचा वणवा एक आख्खा डोंगर जाळून मोकळा होतो. म्हणून माळाची खरी लढाई आधीच, थंडी सरण्याआधी लढावी लागते: जाळरेषेच्या पट्ट्यातलं गवत कापायचं, वाळू द्यायचं आणि वारा पडलेला असताना, दोन्ही बाजूंना माणसं उभी करून जाळायचं. गवत कापून गुरांना नेण्याची मुभा गावाला असली, तर या कामाला माणसं आपणहून येतात.