उवेनातचं पाणी: नावात झरे, डोंगरात टाकी

इजिप्त, लिबिया आणि सुदान जिथे एकमेकांना टेकतात तिथे सहाराच्या पूर्व भागात जेबेल उवेनात नावाचा डोंगर उभाय. अरबीत उवेनात म्हणजे छोटे झरे, पण वाहता झरा असा तिथे नाहीच, कित्येक वर्षांतून कधीतरी एखादा पाऊस पडतो आणि ते पाणी खडकांच्या कपारीत साठून राहतं, बस तेवढंच. आपल्या गडांवरच्या टाक्यांसारखंच म्हणा ना, फक्त ही टाकी कुणी खोदलेली नाहीत.

डोंगराचे दोन भाग. पश्चिमेला ग्रॅनाइटचा मोठा गोलाकार उठाव, पूर्वेला वालुकाश्म. ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे एकमेकांवर पडलेत, त्यांच्या सावलीत ऊन पोचत नाही म्हणून पाणी टिकतं, ऐन दुआ हे त्यातलं नावाजलेलं ठिकाण. वालुकाश्मात लांब दऱ्या आहेत, त्यांना तिकडे कर्कूर म्हणतात. कर्कूर तल्हमध्ये बाभळी आहेत (तल्ह म्हणजे एक प्रकारची बाभळच) आणि कर्कूर मुर्रमधलं मुर्र म्हणजे कडू, तिथल्या पाण्याची चव नावावरूनच कळते!

बाहेरच्या जगाला हा डोंगर नीट कळला तो १९२३ मध्ये. ऑक्सफर्डला शिकलेला, ऑलिम्पिकमध्ये तलवारबाजी खेळलेला इजिप्तचा अहमद हसनैन उंटांच्या काफिल्यासोबत लिबियातल्या कुफ्रा या मरूद्यानाहून इथे आला, आणि त्याला काय दिसलं तर साधारण दीडशे गोरान (सहारातली एक जमात) लोक गुरं-शेळ्या घेऊन राहतायत. खडकांवर जिराफ, शहामृग, हरणं कोरलेली, पण उंट एकही नाही. म्हणजे चित्रं उंट येण्याच्या आधीची हे त्याने तिथेच ताडलं, आणि मला ते जाम भारी वाटतं. जिराफ म्हणजे गवत-झाडं आली, आणि साधारण ५ हजार वर्षांपूर्वीपर्यंत तिथे पाऊसही होता.

वस्ती नंतर उठली, पण शेकडो किलोमीटरच्या कोरड्या वाळूत पाणी एवढंच, त्यामुळे १९३० च्या दशकात इटालियन आणि इंग्रज दोघांचाही डोळा त्यावर. शेवटी १९३४ मध्ये करार होऊन पश्चिमेकडचा ‘सारा’ नावाचा त्रिकोणी प्रदेश तेव्हा इटलीच्या ताब्यात असलेल्या लिबियाला गेला. गंमत म्हणजे डोंगराची उंचीही १९३४ मीटरच आहे.